नव्या दाताची बातमी आणि काचपट्टीवरचा दात

‘दात पुन्हा उगवणार’ अशा मथळ्याची बातमी २०२४ पासून मोबाइलवरून फिरते आहे. जपानमध्ये एक औषध तयार झाले आहे, ते घेतले की पडलेल्या दाताच्या जागी नवा दात येतो आणि २०३० च्या सुमारास ते रुग्णांना मिळू लागेल, असा तिचा एकूण सूर असतो. ती वाचल्यावर काही प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. किडलेली दाढ वाचवण्यासाठी रूट कॅनालचा खर्च कशाला करायचा? कवळी किंवा इम्प्लांटवर पैसे घालण्यापेक्षा चार वर्षे थांबले तर काय बिघडले?

बातमी खोटी नाही, पण ती अर्धीच पोहोचते. उरलेली अर्धी बातमी दंतवैद्यक महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकाखाली आहे. दात कसा घडतो हे दाखवणाऱ्या काही काचपट्ट्या बीडीएसच्या पहिल्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी पाहतो आणि गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी जर्नलमध्ये त्यांची चित्रे काढतो. परीक्षेपुरता वाटणारा हा अभ्यासच सांगतो की नवा दात कोणाला मिळू शकेल, कोणाला मिळणे अवघड आहे, आणि जपानी संशोधकांनी या औषधासाठी साठीतल्या आजोबांऐवजी लहान मुलांकडे का पाहिले.

बातमीत नेमके काय आहे

या संशोधनामागे ओसाकातील कितानो हॉस्पिटलच्या दंतविभागाचे प्रमुख कात्सु ताकाहाशी आणि क्योतो विद्यापीठातील त्यांचे सहकारी आहेत. आपल्या शरीरात ‘यूसॅग-१’ नावाचे एक प्रथिन असते. दाताच्या वाढीला लागणारे ‘बीएमपी’ आणि ‘डब्ल्यूएनटी’ हे दोन रासायनिक संदेश ते रोखून धरते. या प्रथिनाला चिकटून त्याचे काम थांबवणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, या गटाने तयार केली. जन्मतः काही दात नसलेल्या उंदरांना ती दिल्यावर दात तयार झाले. फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात एक जादा दात उगवला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

माणसावरची पहिली चाचणी क्योतो विद्यापीठाच्या रुग्णालयात २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी ३० ते ६४ वर्षे वयाचे, किमान एक दाढ नसलेले ३० निरोगी पुरुष निवडायचे ठरले. औषध शिरेतून द्यायचे होते. कोणत्याही औषधाच्या पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न एकच असतो : हे माणसाला सोसते का? दात उगवतो का, हा प्रश्न पुढच्या टप्प्याचा. त्या टप्प्यासाठी ज्यांचा विचार झाला ती दोन ते सात वर्षांची, जन्मतःच चार किंवा अधिक दात नसलेली मुले आहेत. आणि २०३० ही कंपनीची अपेक्षा आहे. कोणत्याही सरकारी यंत्रणेने दिलेली ती मंजुरीची तारीख नाही.

म्हणजे किडीने किंवा हिरड्यांच्या आजाराने दात गमावलेला माणूस या औषधाचा पहिला रुग्ण नाही. असे का, याचे उत्तर काचपट्टीवर आहे.

कळी, टोपी आणि घंटा

बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यात पहिला दात ‘येतो’ असे आपण म्हणतो. सूक्ष्मदर्शकाच्या हिशेबाने ही फार उशिराची घटना आहे. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना भावी जबड्याच्या आतल्या अस्तराचा एक पट्टा जाड होऊ लागतो. आठव्या आठवड्याच्या आसपास या पट्ट्यापासून आतल्या मऊ ऊतीत लहान गाठी लोंबू लागतात. वर दहा, खाली दहा, असे हे वीस दुधाच्या दातांचे अंकुर. ही पहिली अवस्था म्हणजे कळी. तिच्यात दातासारखे काहीच दिसत नाही. जांभळ्या केंद्रकांच्या पेशींचा एक गोळा आणि त्याच्याभोवती गर्दी करू लागलेल्या आणखी पेशी, एवढेच. पण हीच जागा सर्वांत नाजूक आहे. वाढीच्या संदेशात गडबड झाली तर अनेकदा दात इथेच थांबतो आणि पुढे कधी तोंडात दिसत नाही.

सर्व सुरळीत झाले तर नवव्या-दहाव्या आठवड्यात कळीचा तळ आत दबतो आणि तिला टोपीचा आकार येतो. आता कामाची वाटणी दिसू लागते. टोपीचा भाग पुढे इनॅमल घडवतो. टोपीच्या पोकळीत दाटलेल्या पेशींपासून डेंटिन आणि दाताच्या आतला जिवंत गाभा, म्हणजे पल्प, तयार होतो. दोघांना वेढणाऱ्या पिशवीतून मुळावरचे सिमेंटम, दाताला हाडाशी बांधणारे तंतू आणि भोवतालचे हाड तयार होते. टोपीच्या मध्यावर पेशींची एक घट्ट गाठ दिसते. ती स्वतः दाताचा कोणताही भाग होत नाही. ती संदेश देते आणि काम संपले की नाहीशी होते. दाढेला किती उंचवटे असतील आणि ते कुठे असतील, हे अशा गाठी ठरवतात.

पोकळी आणखी खोल झाली की घंटा. नवख्या विद्यार्थ्याचा गोंधळ इथेच होतो, कारण उशिराची टोपी आणि सुरुवातीची घंटा यांची बाह्यरेषा सारखीच दिसते. म्हणून शिक्षक सांगतात, आकारावर जाऊ नका, आतले थर मोजा. घंटेत आतला आणि बाहेरचा थर, त्यांच्यामध्ये चांदण्यांसारख्या दिसणाऱ्या विरळ पेशी आणि आतल्या थराला लागून चपट्या पेशींची एक पट्टी, असे चार थर ओळखू येतात. पटाशीचा दात की दाढ, हेही आता कळू लागते.

घंटेच्या शेवटच्या टप्प्यात दात कठीण होऊ लागतो. समोरासमोरच्या पेशींच्या दोन रांगांपैकी आतली रांग आधी डेंटिनचा थर घालते. तो मिळाल्याशिवाय बाहेरची रांग इनॅमल घालत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन गवंडी काम करत मागे सरकत जावेत, तशा या रांगा एकमेकींपासून दूर होत जातात. रंगवलेल्या काचपट्टीवर डेंटिन गुलाबी दिसते आणि कोवळे इनॅमल जांभळ्या छटेचे. इनॅमलची भर रोज मिलिमीटरच्या सुमारे चार हजारांश भागाएवढी पडते आणि या रोजच्या कामाच्या बारीक रेघा प्रौढ दातातही सापडतात. जन्माच्या वेळी शरीराला बसणाऱ्या हिसक्याचीही एक ठळक रेघ दुधाच्या दातांत उमटते.

दुधाच्या दातांचे हे बांधकाम जन्माआधीच सुरू झालेले असते. कायमच्या दातांपैकी पहिली दाढ जन्माच्या सुमारास कठीण होऊ लागते. पुढच्या दातांचे माथे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आणि दुसऱ्या दाढेचा माथा सातव्या-आठव्या वर्षापर्यंत पूर्ण होतो. त्यानंतर माथ्याचे काम उरते ते फक्त अक्कलदाढेचे. दोन वर्षांच्या मुलाच्या जबड्यात म्हणूनच एक चालू कारखाना असतो. तिथे थांबलेली एखादी कळी पुढे ढकलता येईल, ही जपानी संशोधनाची आशा आहे. साठ वर्षांच्या जबड्यात हा कारखाना केव्हाच बंद झालेला असतो.

काचपट्टीवरची रिकामी जागा

पूर्ण वाढलेल्या दाताची काचपट्टी दोन पद्धतींनी बनवतात. पहिल्या पद्धतीत दात आम्लात ठेवून त्यातली खनिजे विरघळवतात. मग तो पातळ कापता येतो आणि पेशी दिसतात. दुसऱ्या पद्धतीत दात तसाच घासून घासून कागदासारखा पातळ करतात. त्यात पेशी टिकत नाहीत, पण कठीण भागांची रचना दिसते.

पहिल्या पद्धतीच्या काचपट्टीवर विद्यार्थी इनॅमल शोधू लागतो तेव्हा त्याला तिथे मोकळी जागा सापडते. वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज असलेले इनॅमल आम्लात विरघळून गेलेले असते आणि मागे पेशींचा मागमूसही राहत नाही. ही रिकामी जागा दातांच्या आरोग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. इनॅमल बनवणाऱ्या पेशी काम संपल्यावर आक्रसतात आणि दात हिरडीतून बाहेर येताना झडून जातात. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ बनवणारे कारागीर एकदा गेले की परत येत नाहीत. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलला मात्र खड्डा पडला की तो शरीराला बुजवता येत नाही.

डेंटिनचे तसे नाही. त्यात असंख्य सूक्ष्म नळ्या असतात आणि ते घडवणाऱ्या पेशी पल्पच्या कडेने आयुष्यभर जिवंत राहतात. कीड हळू पुढे सरकत असेल तर या पेशी आतून नवा थर घालून पल्पचे रक्षण करतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०१७ मध्ये याच क्षमतेचा उपयोग केला. अल्झायमरच्या उपचारासाठी तपासले गेलेले टायडेग्लुसिब हे औषध विरघळणाऱ्या स्पंजातून उंदरांच्या दाढांतील छिद्रांत भरल्यावर तिथे नवे डेंटिन तयार झाले. इनॅमल तयार झाले नाही.

‘इनॅमल पुन्हा मिळवा’ असे सांगणाऱ्या टूथपेस्टच्या जाहिरातीही याच प्रकाशात वाचाव्यात. कीड अगदी सुरुवातीला असते तेव्हा दातावर पांढरा डाग दिसतो. त्या ठिकाणी फ्लोराइड आणि लाळेतील खनिजे पुन्हा बसू शकतात, हे खरे आहे. पण खड्डा पडल्यावर तो कोणतीही पेस्ट भरू शकत नाही.

तेव्हा इनॅमलसह नवा दात हवा असेल तर डागडुजीने भागत नाही. कळीपासून घंटेपर्यंतचा सगळा क्रम पुन्हा घडावा लागतो. त्यासाठी प्रौढाच्या जबड्यात एखादी कळी शिल्लक हवी. माणसात दुधाच्या आणि कायमच्या दातांनंतर तिसऱ्या संचाचे अवशेष असतात, असे ताकाहाशी यांच्या गटाचे मत आहे. काही आनुवंशिक विकारांत अनेक जादा दात येतात, हा त्याला आधार. मात्र सर्वसामान्य प्रौढातल्या अशा अवशेषांना जागे करून उपयोगी दात मिळवता येतो, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

जागे करण्यात धोकाही आहे. दात घडवणाऱ्या पट्ट्याचे बारीक अवशेष प्रौढाच्या हिरडीत आणि मुळांभोवती सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. बहुतेक जण ते आयुष्यभर निमूट बाळगतात. पण जबड्यातल्या काही गळवांचे, म्हणजे सिस्टचे, आणि काही गाठींचे मूळ अशाच पेशींत असते. वाढीचा लगाम सैल करणाऱ्या औषधाची चाचणी सावकाश व्हायला हवी, याचे हे एक कारण.

प्राण्यांवरच्या निष्कर्षांनाही मर्यादा आहेत. उंदराला दात एकदाच येतात आणि त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. फेरेटला माणसासारखे दुधाचे आणि कायमचे असे दोन संच असतात, म्हणून तो अधिक जवळचा नमुना. तरीही फेरेट म्हणजे माणूस नव्हे.

सिंधमधले ‘दात नसलेले पुरुष’

ज्यांच्यासाठी हे संशोधन सुरू झाले, त्या रुग्णांची एक जुनी नोंद आपल्या उपखंडातली आहे. चार्ल्स डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधील बदलांवरच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत सिंधमधील एका हिंदू कुटुंबाचा उल्लेख केला आहे. चार पिढ्यांत त्या घरातल्या दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून पुढचे चार लहान, दुबळे दात आणि मागच्या आठ दाढा एवढेच होते. अंगावर केस फार कमी, टक्कल लवकर आणि उन्हाळ्यात कातडी अतिशय कोरडी पडे. त्या घरातल्या मुलींना हा त्रास नव्हता, पण त्यांच्या मुलांमध्ये तो उतरत असे.

आज हा विकार एक्टोडर्मल डिस्प्लेसिया या गटात मोडतो. त्याच्या सर्वांत परिचित प्रकारात एक्स गुणसूत्रावरील ‘ईडीए’ या जनुकात दोष असतो. दात, केस आणि घामाच्या ग्रंथी या तिन्ही गोष्टी त्वचेच्या थरातल्या अशाच कळ्यांपासून सुरू होतात, म्हणून तिन्हींवर एकदम परिणाम होतो. घाम न आल्याने लहानपणी ताप धोकादायक ठरतो.

जर्मनीतील एर्लांगेन येथील डॉक्टरांनी २०१८ मध्ये या विकारावरचा एक उपचार प्रसिद्ध केला. बाधित जुळी बाळे आईच्या पोटात असतानाच त्यांच्याभोवतीच्या गर्भजलात कमी असलेले प्रथिन इंजेक्शनने सोडण्यात आले. जन्मानंतर त्या मुलांना घाम येऊ लागला आणि त्यांच्या जबड्यात त्याच विकाराच्या मोठ्या भावापेक्षा जास्त दंतअंकुर दिसले. जनुक तसेच राहिले. बदलली ती मदत पोहोचण्याची वेळ. कळी फुटण्याच्या काळात दिलेल्या काही मात्रांनी जे साधले, ते नंतर वर्षानुवर्षे औषध देऊन साधेलच असे नाही.

जन्मतः सहा किंवा अधिक दात नसण्याचे प्रमाण हजारात एखाद-दुसरे इतके कमी आहे. पण त्या मुलाच्या घरात हा मोठा प्रश्न असतो. चावता येत नाही, काही उच्चार नीट होत नाहीत, शाळेत हसताना तोंडावर हात जातो. जबडा वाढत असल्याने कवळी दर काही वर्षांनी बदलावी लागते आणि इम्प्लांटसाठी सामान्यतः वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अठराच्या आसपासपर्यंत, थांबावे लागते. शाळेची सगळी वर्षे त्यात जातात. जपानी औषध यशस्वी झाले तर सर्वांत मोठा दिलासा या मुलांना मिळेल.

आणि सर्वांत अवघड प्रश्नही इथेच उभा राहतो. शिरेतून दिलेली अँटिबॉडी फक्त जबड्यात जात नाही. यूसॅग-१ मूत्रपिंडातही मोठ्या प्रमाणात असते आणि ज्या संदेशांना ते रोखते ते हाडांच्या वाढीतही काम करतात. दात नसणे त्रासदायक आहे, पण सहसा जिवावर बेतणारे नाही. अशा विकारासाठी तीन वर्षांच्या मुलाच्या शरीरात किती जोखीम घालायची, याचा निर्णय ते मूल घेऊ शकत नाही, आईवडील घेतात. शिवाय दात योग्य जागी, योग्य आकारात उगवेल आणि एकच उगवेल, याची खात्री हवी. प्रौढांवर आधी सुरक्षितता तपासण्याचा आग्रह त्यासाठीच.

तोंडात असलेल्या दातांचे काय

नवा दात मिळवण्याच्या इतरही वाटा शोधल्या जात आहेत. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात माणसाच्या आणि डुकराच्या पेशी एकत्र करून डुकराच्या जबड्यात दातासारख्या रचना वाढवण्यात आल्या. किंग्ज कॉलेजमध्ये पेशींना एकमेकींशी संदेशांची देवाणघेवाण करता येईल असा जेलसारखा पदार्थ तयार झाला आहे. दोन्हीकडे खटपट तीच आहे : काचपट्टीवर दिसणारा कळी-टोपी-घंटा हा क्रम शरीराबाहेर किंवा दुसऱ्या शरीरात घडवून आणायचा.

या संशोधनाच्या तुलनेत गरजूंची संख्या प्रचंड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे आणि सुमारे दोन अब्ज लोकांच्या कायमच्या दातांत उपचार न झालेली कीड आहे. अँटिबॉडी प्रकारची औषधे सहसा महाग असतात. त्यामुळे ती यशस्वी झाली तरी किडलेल्या दाढेचा पर्याय म्हणून गावोगावी मिळतील, असे मानायला आज आधार नाही. वाचवता येण्यासारखी दाढ नव्या दाताच्या आशेवर काढून टाकणे किंवा रिकामी जागा वर्षानुवर्षे तशीच ठेवणे तोट्याचे आहे. शेजारचे दात त्या जागेत कलतात, समोरचा दात खाली उतरतो आणि तिथले हाड झिजत जाते. उद्या खरोखर नवा दात उगवला तरी त्याला जागा आणि हाड लागणारच.

दाताच्या बांधकामाचे वेळापत्रक माहीत असेल तर मात्र काही गोष्टी आजच हाती आहेत. कायमच्या दातांचे इनॅमल जन्मापासून आठव्या वर्षापर्यंत घडते. या काळात पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर खडूसारखे किंवा तपकिरी डाग आणि खड्डे कायमचे राहतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांना हे नव्याने सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. त्या गावातल्या मुलाला आठव्या वर्षानंतर शुद्ध पाणी मिळाले तर हाडांसाठी ते हिताचेच; दाताच्या डागांसाठी मात्र उशीर झालेला असतो. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक गरोदरपणात आणि आठ वर्षांखालील मुलांत टाळतात, त्याचेही कारण हेच. घडत असलेल्या दातात ते कायमचे बसते आणि दात पिवळट-करडे करते.

दुसरी गोष्ट सहाव्या वर्षाची. या वयात दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप येते. दात पडला नाही म्हणून तीही दुधाचीच असेल, पुढे पडेलच, असे अनेक पालक समजतात आणि तिच्यातल्या काळ्या रेघेकडे दुर्लक्ष होते. ती कायमची पहिली दाढ असते. तिच्यावरचे इनॅमल घडवणाऱ्या पेशी ती बाहेर येतानाच झडून गेलेल्या असतात. सकाळी आणि रात्री फ्लोराइडच्या पेस्टने घासणे, अधूनमधून गोड खाणे कमी करणे आणि दाढेच्या खाचा खोल असतील तर दंतवैद्याकडून त्या वेळीच बुजवून घेणे, हे उपाय आज कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात.

जपानमधल्या औषधाचा निकाल यायचा तेव्हा येईल. जबड्यात थांबून राहिलेल्या कळीला त्याने खरोखर जागे केले, तर सिंधमधल्या त्या कुटुंबासारख्या असंख्य घरांतल्या मुलांना दात मिळतील आणि ती मोठी गोष्ट असेल. बाकीच्यांच्या वाट्याला आलेले इनॅमल मात्र लहानपणी एकदाच घडून संपले आहे. सहा वर्षांच्या मुलाला आज रात्री आ करायला सांगून त्याची मागची दाढ पाहिली, तर या बातमीचा आपल्या घरापुरता उपयोग झाला.